टेस्ट साईटचं कुलूप: कधी आपलेच बाहेर, कधी सगळं गाव आत

सकाळी साडेदहाला फोन आला. "अरे, ते पान उघडंना झालंय बघ. फॉर्बिडन म्हणायलंय." पलीकडे आमच्या सोसायटीचे एक पिग्मी एजंट मामा होते, खडेबाजारात कुठल्याशा दुकानाच्या पायरीवर उभे. महिन्याभरातला हा चौथा फोन. आधीचे तीनही याच कारणाचे, आणि तीनही वेळा मी "आता बघा" म्हणून पाच मिनिटांत प्रश्न मिटवला होता. मिटवला होता म्हणजे झाकला होता. चौथ्या वेळी शांतपणे बसून मुळापर्यंत गेलो. तेच इथं लिहितोय, कारण तयार होत असलेलं वेब ॲप चार माणसांना दाखवायचं आणि बाकी जगापासून लपवायचं, हे काम वाटतं तितकं सरळ नाही.

आधी पार्श्वभूमी. बेळगावच्या शहापुरातल्या एका क्रेडिट सोसायटीसाठी पिग्मीचं ॲप बनवतोय. पिग्मी म्हणजे दुकानादुकानांतून रोज थोडे थोडे पैसे गोळा करायची ठेव. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली आणि आमच्याकडं घरोघरी रुळली. ॲप अजून कच्चं आहे. अठरा एजंट नेहमीच्या पावत्या फाडतच आहेत, सोबत या टेस्ट साईटवरही आकडे टाकून बघतात. सर्व्हर भाड्याचा, त्यावर डॉकर (प्रोग्रॅम "कंटेनर" नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारी सोय), डॉकरमध्ये एन्जिनएक्स (विनंत्या घेऊन आत सोडणारा, दारावरचा वेब सर्व्हर) आणि त्यामागं ॲप. कुलूप म्हणून मी सुरुवातीला सोपं ते केलं: आयपी पत्त्यांची, म्हणजे कनेक्शनांच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांची, यादी. सोसायटीचं ऑफिस, टिळकवाडीतलं माझं घर, बाकी सगळ्यांना मनाई.

पहिल्यांदा आकडा बघा

"उघडत नाही" या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार असतात. स्क्रीनवर ४०१ आला तर सर्व्हर विचारतोय, तू कोण. ४०३ आला तर तो सांगतोय, तू कोणी का असेनास, आत येऊ देणार नाही. नुसतंच चक्र फिरत राहिलं आणि शेवटी वेळ संपली तर बहुधा फायरवॉलनं (सर्व्हरच्या पहारेकऱ्यानं) विनंती गिळली, एन्जिनएक्सपर्यंत ती पोचलीच नाही. आणि ५०२ असेल तर कुलपाचा संबंध नाही, मागचं ॲपच झोपलंय. मामांना मी आता "काय लिहून आलंय त्याचा फोटो पाठवा" एवढंच सांगतो. अर्धं निदान त्यातच होतं.

आमच्याकडं ४०३ होता. म्हणजे यादीत पत्ता नाही. आता हा पत्ता कुठला आणि का बदलतो?

घरच्या कनेक्शनला कायमचा पत्ता नसतो. करंट गेला, राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला, की नवा आकडा हातात. आमच्याकडं पावसाळ्यात हे किती वेळा होतं ते इथल्यांना सांगायला नको. पैसे भरून कायमचा आयपी घेता येतो, ऑफिससाठी आम्ही घेतलाही. पण एजंट फिरतात मोबाईलवर, आणि मोबाईलची गोष्टच वेगळी. तिथं हजारो गिऱ्हाईकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागं उभी असतात. मधल्या जाळ्यासाठी १०० दशांश ६४ पासूनची पत्त्यांची एक आख्खी रांग २०१२ साली खास राखून ठेवलीय. त्यामुळं मामांचा आजचा पत्ता यादीत घालणं म्हणजे त्यांच्यासोबत त्याच पत्त्यामागच्या अनोळखी लोकांनाही किल्ली देणं. आणि तासाभरानं मामांचाच पत्ता बदललेला.

एक एजंट शिनोळीचे. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र; बेळगावातनं वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की लागतं. रोज सकाळी ते सीमा ओलांडून कामाला येतात आणि त्यांचा फोन वाटेत टॉवर बदलतो. मॅनेजरसाहेबांनी एक दिवस सुचवलं, "पत्त्यांचं राहू दे, फक्त कर्नाटकातनंच उघडंल असं कर की." करून बघितलं. आयपीवरनं गाव सांगणारे जे डेटाबेस असतात ते माणूस कुठं उभा आहे ते सांगत नाहीत. कंपनीनं तो पत्ता कुठं नोंदवलाय, तिचं फाटक कुठं आहे, यावर अंदाज बांधतात. आम्ही कुठल्या राज्यात यावर १९५६ पासून वाद चाललाय; त्या डेटाबेसनं तो एका फटक्यात मिटवला आणि शहापुरात बसलेल्या मला चेन्नईत टाकलं. दुपारपर्यंत निम्मे एजंट बाहेर. तो नियम काढला.

खरा घोटाळा: १७२ दशांश १८

आता मी तीन वेळा काय केलं होतं ते सांगतो, कारण हीच चूक मी दुसऱ्यांच्या सर्व्हरवरही बघितलीय.

पहिल्या तक्रारीला लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडला. एजंटांच्या विनंत्यांपुढं एकच पत्ता दिसला: १७२.१८.०.१. हा तर डॉकरच्या आतल्या जाळ्याचा पत्ता! मला वाटलं, आतलंच काहीतरी आतल्याला विचारतंय, यात धोका काय. यादीत एक ओळ वाढवली. एजंट खूश, मी खूश. पुढं एकदा सर्व्हर नव्यानं उभा केला, ती ओळ गेली, तक्रार आली, ओळ परत घातली. तिसऱ्यांदा तेच.

मग सोसायटीच्या मॅनेजरसाहेबांचा पुतण्या पुण्यातनं फोनवर म्हणाला, "काका, तुमचं नवीन ॲप भारी झालंय." घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिंक ढकलली होती. त्यानं उघडली. ना पासवर्ड, ना काही. आत सभासदांची यादी. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं, आणि पुढची पंधरा मिनिटं काय झालं ते लिहीत नाही.

कारण असं होतं. माझ्या डोमेनला (साईटच्या नावाला) आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या लांब पद्धतीचा, पत्ता दिलेला होता. मोबाईल नेटवर्कवरचे बरेच फोन आता आधी आयपीव्ही६ नेच येतात. पण डॉकरच्या आतल्या जाळ्यात आयपीव्ही६ चालू नव्हतं. अशा वेळी डॉकरचा छोटा मध्यस्थ ती विनंती बाहेरच्या बाजूला घेतो आणि आत स्वतःच्या नावानं, जुन्या आयपीव्ही४ नं पुढं सरकवतो. एन्जिनएक्सला वाटतं, विनंती १७२.१८.०.१ वरनं आली. मामा, पुतण्या, चीनमधला बॉट (आपोआप फिरणारा प्रोग्रॅम), सगळ्यांचा एकच पत्ता. म्हणजे ती ओळ नसली तर आयपीव्ही६ वरचे सगळे बाहेर, ओळ असली तर सगळे आत. मधलं काही नाहीच. आमच्या ऑफिसच्या वायफायवर सगळं नीट चालत होतं, कारण तिथलं कनेक्शन फक्त आयपीव्ही४ चं. म्हणून मला स्वतःला हे कधी दिसलंच नाही.

ओळखायचं कसं: लॉगमध्ये वेगवेगळ्या माणसांच्या विनंत्यांपुढं एकच पत्ता दिसत असेल, आणि तो १२७, १० किंवा १७२ नं सुरू होत असेल, तर तुमची यादी आंधळी आहे. तिला काही घालायच्या किंवा काढायच्या आधी थांबा. पुढं सीडीएन (साईटच्या प्रती ठिकठिकाणांहून देणारी सेवा) किंवा दुसरा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) असला तरी हेच होतं, फक्त तिथं पत्ता त्या प्रॉक्सीचा दिसतो. प्रॉक्सीच्या बाबतीत एन्जिनएक्सला "रिअल आयपी" चं मॉड्यूल आहे. कुठल्या पत्त्यावरून आलेल्या हेडरवर (विनंतीसोबतच्या चिठ्ठीवर) विश्वास ठेवायचा ते त्यात लिहायचं. तिथं फक्त आपल्या प्रॉक्सीचाच पत्ता लिहा. मूळ पत्ता सांगणारं "एक्स-फॉरवर्डेड-फॉर" हे हेडर कुणीही हातानं लिहून पाठवू शकतो. सगळ्या जगावर विश्वास टाकला तर कुलूप गेलंच.

मी काय केलं? एन्जिनएक्स डॉकरमधनं बाहेर काढला आणि सरळ सर्व्हरवर बसवला. डॉकरच्या जाळ्यात आयपीव्ही६ चालू करूनही भागतं, पण मला रात्री झोप हवी होती.

डॉकरनं उघडलेला मागचा दरवाजा

तेवढ्यात आणखी एक दिसलं. ॲपचा स्वतःचा पोर्ट (सर्व्हरचं आकडी दार), ३०००, बाहेरनं थेट उघडत होता. पुढच्या दाराला कुलूप, परसदार सताड. मी म्हटलं, असं कसं, यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये तर फक्त २२, ८० आणि ४४३ चालू आहेत. पण डॉकर पोर्ट बाहेर काढतो तेव्हा आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या आतल्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम लिहितो आणि पाकिटं वेगळ्या वाटेनं कंटेनरकडं वळवतो. यूएफडब्ल्यूचे नियम ज्या वाटेवर पहारा देतात त्या वाटेनं ती जातच नाहीत. यूएफडब्ल्यूला विचारलं तर तो छातीठोकपणे सांगतो, बंद आहे. बंद नसतं.

उपाय एका ओळीचा. डॉकरच्या कंपोज फाईलमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहितात ती) पोर्टच्या जोडीआधी १२७.०.०.१ लिहायचं, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरनं दिसतो. डॉकर नसेल तरी हे तपासा. बरेच डेव्हलपमेंट सर्व्हर ०.०.०.० वर ऐकत बसलेले असतात, म्हणजे सगळ्या बाजूंनी. तपासणी ऑफिसातनं करू नका. फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावरनं सर्व्हरचा नुसता आकडी पत्ता आणि पुढं पोर्ट टाकून बघा. ३०००, ५१७३, ८०००, ८०८०, डेटाबेसचे ३३०६ आणि ५४३२. काहीही बोललं तर दार उघडं आहे.

नाव कुणाला माहीत नाही म्हणून साईट लपलेली राहते, हा आणखी एक भ्रम. मीही "टेस्ट" ऐवजी एक विचित्र सबडोमेन घेतलं होतं. पण एचटीटीपीएससाठी (ब्राउझरपर्यंतच्या गुप्त वाटेसाठी) सर्टिफिकेट घेतलं की ते नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं. २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशी नोंद नसलेली नवी सर्टिफिकेटं मानतच नाही. त्या नोंदी कुणालाही शोधता येतात, आणि बॉट दिवसरात्र तेच वाचत बसलेले असतात. सर्टिफिकेट घेतल्यावर काही मिनिटांतच माझ्या लॉगमध्ये डॉट-एन्व्ह आणि डॉट-गिट (पासवर्ड आणि कोड जिथं सापडतो ते) मागणारे पाहुणे हजर. सर्च इंजिनांना "इथं येऊ नका" सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाईलचंही तसंच: ती पाटी आहे, दार नाही. उलट तिथं रस्ता बंद केला तर गूगलला तुमचं "नोइंडेक्स" (निकालात दाखवू नका, ही पानावरची सूचना) वाचताच येत नाही, आणि पान न वाचताही नुसता पत्ता निकालात दिसू शकतो. साईट ४०१ देत असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

पासवर्ड लावल्यावर काय काय मोडतं

शेवटी पत्त्यावरचा भरवसा सोडला आणि माणसावर आलो. साधा बेसिक ऑथ (ब्राउझरच नाव-पासवर्डची चौकट दाखवतो ती पद्धत), एचटीटीपीएसवरच, प्रत्येकाचं वेगळं नाव. एचटीटीपीएस का, तर बेसिक ऑथमध्ये पासवर्ड गुप्त होत नाही, फक्त बेस-६४ नं दुसऱ्या रूपात लिहिला जातो. ऑफिसचा कायमचा पत्ता आहे म्हणून तिथं पासवर्ड नको, बाहेर हवा, असं करायला एन्जिनएक्समध्ये "सॅटिस्फाय एनी" (दोन्हीतली एक अट पुरे) आहे. ती ओळ नसली तर दोन्ही अटी लागतात आणि पासवर्ड बरोबर असूनही ४०३ येतो. हा प्रश्न मला तिघांनी विचारलाय. आणखी एक खोच: एखाद्या लोकेशनच्या (साईटच्या एका रस्त्यापुरत्या नियमांच्या) आत परवानगी-मनाईची एक जरी ओळ लिहिली तरी वरची सगळी यादी तिथं लागू होत नाही.

कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तक्रारी.

एजंटांना ॲप फोनच्या होम स्क्रीनवर बसवता येईना. ब्राउझर मॅनिफेस्टची (ॲपचं नाव, चिन्ह सांगणारी) फाईल मागतो तेव्हा साधारणपणे ओळखपत्र सोबत नेत नाही, म्हणून तिला ४०१ मिळतो. मॅनिफेस्टच्या लिंकवर क्रॉसओरिजिनचं "यूज-क्रेडेन्शियल्स" लिहिलं की काम होतं.

मग सगळ्यात डोकं खाल्लेला प्रकार. पासवर्ड टाकला, पान उघडलं, ॲपमध्ये लॉगिन केलं, आणि पुन्हा पासवर्डची चौकट. टाकला की पुन्हा चौकट. एक कन्नड बोलणारे एजंट वैतागून म्हणाले, "ओपन आगवल्दु सर" (उघडत नाही सर), आणि फोन ठेवला. दोष त्यांचा नव्हता, पासवर्डचाही नव्हता. ॲप लॉगिननंतर आपलं टोकन (लॉगिन झाल्याची खूण) "ऑथरायझेशन" हेडरमध्ये घालून पाठवत होतं. बेसिक ऑथलाही तेच हेडर लागतं. हेडर एक, दावेदार दोन. ॲपचं टोकन गेलं की एन्जिनएक्सला पासवर्ड दिसत नाही, तो ४०१ देतो. ब्राउझरला वाटतं पासवर्ड चुकला, तो चौकट दाखवतो. यावर दोनच सरळ वाटा: ॲपचं टोकन वेगळ्या नावाच्या हेडरमधनं किंवा कुकीतनं (ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीतनं) पाठवा, नाहीतर पुढचं कुलूप कुकीवर चालणारं ठेवा. एपीआय (पान जिथून माहिती मागतं ती बाजू) आणि पान वेगवेगळ्या सबडोमेनवर असतील तर याच जातीचा आणखी एक त्रास होतो. ब्राउझर आधी "ऑप्शन्स" ची चाचणी विनंती पाठवतो, तिच्यासोबत पासवर्ड नसतो, ४०१ मिळतो, आणि कन्सोलमध्ये मात्र कॉर्सच्या (एका डोमेनच्या पानानं दुसऱ्याकडं माहिती मागायच्या परवानगीच्या) नावानं शिमगा. लोक कॉर्स दुरुस्त करत बसतात. दोन्ही एकाच डोमेनखाली आणलं की तो विषयच संपतो.

एसएमएस आणि पेमेंटवाल्यांकडनं येणारे वेबहुक (त्यांच्या सर्व्हरनं आपोआप पाठवलेले निरोप) तर ४०१ वर आपटून परत जातात, कारण त्यांना तुमचा पासवर्ड माहीत नाही. त्यांच्यासाठी नेमका तेवढाच एक मार्ग मोकळा करा आणि तिथं सहीची पडताळणी ॲपनं करू दे. मी आधी घाईत आख्खं एपीआयच मोकळं सोडलं होतं. म्हणजे परत तेच, मामांसाठी घातलेल्या ओळीसारखं.

आणि सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं माझं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. नूतनीकरणाला ते पोर्ट ८० वर "डॉट वेल-नोन" फोल्डरमधली एक फाईल मागतात. तिथंही कुलूप असलं की नूतनीकरण गुपचूप फसतं आणि तीन महिन्यांनी एके सकाळी सगळ्यांना लाल स्क्रीन. पूर्वी मुदत संपत आली की ईमेल यायचा, जून २०२५ पासून तोही बंद झाला. तेवढ्या फोल्डरला पासवर्डातनं आणि यादीतनं, दोन्हीतनं सूट द्या, आणि सर्टबॉटची (सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रॅमची) कोरडी तालीम लगेच चालवून बघा. तीन महिने थांबू नका.

एजंटांची किल्ली

अठरा जणांना अठरा पासवर्ड दिले आणि आठवड्यात सगळे एकच वापरायला लागले. ग्रुपवर कुणीतरी आपला टाकला होता. त्यांना दोष देत नाही. उन्हात, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, त्यात मोठं अक्षर छोटं अक्षर कोण बघणार. ईमेलवर कोड पाठवणारी तयार सोय चांगली आहे. त्यातलं क्लाउडफ्लेअर कंपनीचं ॲक्सेस ५० माणसांपर्यंत फुकट चालतं, आणि डेव्हलपरांच्या टीमला मी तेच सांगेन, फक्त मूळ सर्व्हरचा पत्ता थेट उघडा राहू देऊ नका, नाहीतर लोक बाजूनं आत येतात. पण आमच्या निम्म्या एजंटांचा ईमेल मुलाच्या फोनवर. मुलगा पुण्यात किंवा बेंगळुरूत.

म्हणून एजंटांसाठी प्रत्येकाची स्वतंत्र लिंक केली. लांबलचक यादृच्छिक अक्षरांची, एकदाच चालणारी. उघडली की त्या फोनवर ३० दिवसांची कुकी बसते. एन्जिनएक्स "ऑथ रिक्वेस्ट" नं प्रत्येक विनंतीला माझ्या छोट्या सेवेला विचारतो, ही कुकी चालते का. २०० आला तर आत, ४०१ आला तर बाहेर. आणि कुकी असल्यामुळं हेडरचं भांडणही मिटलं. पहिल्या दिवशी मात्र एकाही एजंटाची लिंक चालेना. व्हॉट्सॲपमध्ये लिंक चिकटवल्याबरोबर प्रीव्ह्यू दाखवण्यासाठी माझ्याच फोननं ती उघडली होती, आणि एकदाच चालणारी लिंक तिथंच खर्च झाली! आता लिंकवर आधी एक बटण येतं, "हा फोन माझा आहे". बटण दाबल्यावरच ती वापरली जाते.

सभासदांची खरी नावं आणि शिलका टेस्ट साईटवर ठेवणं ही मूळ चूक माझीच होती. आता तिथं खोटी नावं आणि खोटे आकडे आहेत, खात्यांची संख्या आणि रचना तेवढी खरी. पुतण्याला जे दिसलं ते परत झाकता येत नाही, पण पुढच्याला दिसेल ते निदान कुणाच्या घरचं नसेल.

परवा निपाणीच्या बसमध्ये एका एजंटाचा फोन राहिला. त्यांनी दुसऱ्याच्या फोनवरनं कळवलं, मी यादीतनं त्यांची एक ओळ पुसली. बाकीच्या सतरा जणांना काही कळलंही नाही.